वाया जाणाऱ्या धुराचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातून निघालेली मोटार, जिल्ह्याची हद्द न ओलांडता, घाटाची वळणे चढत तोरणमाळच्या पठारावर पोहोचते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आलेली असते. आणि तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असल्यामुळे तिच्या इंजिनात शिरणारा प्राणवायूही तेवढ्याच प्रमाणात घटलेला असतो. चालकाला एवढेच जाणवते की गाडी ओढत नाही आणि गिअर खाली आणावा लागतो. परंतु ही तूट केवळ डोंगरावरच सोसावी लागते असे नाही. वैशाखात तापीखोऱ्यातील पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा १५ अंशांच्या हवेच्या मानाने तेथील हवा प्रसरण पावून सुमारे नऊ टक्क्यांनी हलकी होते. म्हणजे खानदेशच्या भर उन्हाळ्यात सपाट सडकेवर धावणारे इंजिनही जवळजवळ तोरणमाळाइतकीच हवेची तूट सोसत असते. इंधन हवे तितके पाजता येते, पण ते जाळावयास लागणारी हवा मात्र निसर्ग देईल तेवढीच मिळते, या अडचणीवर माणसाने काढलेली तोड म्हणजे टर्बोचार्जर होय. आपल्या नित्याच्या वापरातील मोटारीला स्वतःच्या तजविजीने टर्बो बसवू पाहणाऱ्याने या यंत्राचा इतिहास आधी समजून घ्यावा. कारण त्या इतिहासात जेथे जेथे यश आले, तेथे ते केवळ दाब वाढविणाऱ्याला नव्हे, तर वाढणाऱ्या दाबाचा बंदोबस्त आधी करणाऱ्याला आले, असे स्पष्ट दिसते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णता चाकांपर्यंत कधी पोहोचतच नाही. ती तप्त वायूंबरोबर सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे १८७९ साली जन्मलेल्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला हा अपव्यय सहन झाला नाही. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या मार्गात एक पंखा ठेवावा, त्याच्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवून त्याकरवी बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, आणि अशा रीतीने वाया जाणाऱ्या धुराकडून त्याच इंजिनाची चाकरी करून घ्यावी, ही कल्पना त्याने १९०५ साली पेटंटाच्या दस्तऐवजात नोंदविली. कल्पना सोपी होती. ती अमलात आणणारे पोलाद मात्र त्या काळी उपलब्ध नव्हते. लालभडक तापलेल्या वायूत अतिवेगाने फिरूनही ज्याचा आकार बिघडणार नाही अशा धातूची, आणि त्या वेगाला टिकेल अशा बेअरिंगची वाट पाहण्यात ब्यूखीची जवळजवळ वीस वर्षे गेली. १९२५ साली त्याच्या पद्धतीने इंजिनाची शक्ती ४० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे सिद्ध झाले. आणि पुढच्याच वर्षी ‘प्रॉइसेन’ व ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांत बसविलेल्या इंजिनांची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. म्हणजे टर्बोचा पहिला संसार समुद्रावर थाटला गेला. तेथे जागेची टंचाई नव्हती, गती एकसारखी होती, आणि यंत्राशेजारी जाणता माणूस अहोरात्र उभा होता.

दरम्यान पहिल्या महायुद्धाने हाच प्रश्न आकाशात नेला होता. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडण्याचे प्रयोग केले, आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे इंजिन एका मालमोटारीवर लादून कोलोराडोतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० च्या आसपास येऊन ठेपले होते. टर्बो जोडताच ते पुन्हा साडेतीनशेच्या वर गेले. या प्रयोगाचे मर्म असे की मॉसने इंजिनाकडून त्याच्या मूळ कुवतीच्या फारसे पलीकडचे काही मागितले नाही. उंचीने हिरावून घेतलेली हवा त्याने परत मिळवून दिली, आणि म्हणूनच ते इंजिन फुटले नाही. दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ व बी-२४ ही बॉम्बफेकी विमाने विरळ हवेत ज्या उंचीवरून उडत, ती उंची त्यांना याच विद्येने मिळवून दिली होती.

युद्ध संपल्यावर ही विद्या जमिनीवर उतरली. क्लिफ गॅरेट याच्या अमेरिकेतील कारखान्याला १९५४ साली कॅटरपिलर कंपनीने आपल्या अवजड ट्रॅक्टरांसाठी टर्बोंची मोठी मागणी नोंदविली, आणि तेव्हापासून धरणे, खाणी व सडका यांच्या कामावरील यंत्रांत टर्बो रुळला. सामान्य माणसाच्या मोटारीत तो १९६२ साली आला: जनरल मोटर्सने त्या वर्षी ‘शेव्हरले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर’ आणि ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ या दोन गाड्या बाजारात आणल्या. यांपैकी जेटफायरची हकीकत प्रत्येक हौशी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर सव्वादहा इतके चढे होते, आणि त्यात टर्बोचा दाब मिसळल्यावर पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोके देऊ लागेल हे अभियंत्यांना ठाऊक असल्यामुळे, त्यांनी ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची तरतूद केली होती. मालकाने एवढेच करावयाचे होते की त्या द्रवाची टाकी रिकामी होऊ द्यावयाची नाही. पुष्कळांनी ती भरली नाही. यंत्राने स्वसंरक्षणार्थ दाब सोडून दिला, गाडी मंद झाली, तक्रारी वाढल्या, आणि अखेरीस कित्येक गाड्यांवरील टर्बो उतरवून तेथे साधे कार्ब्युरेटर बसविण्यात आले. कारखान्याचे गणित बरोबर होते. ज्याच्या हाती गाडी जावयाची त्याच्या सवयींचा विचार त्या गणितात नव्हता.

पुढल्या काळात बीएमडब्ल्यूची १९७३ सालची ‘२००२ टर्बो’ ऐन तेलसंकटात येऊन अल्पायुषी ठरली. उलट साब या स्वीडिश कंपनीने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आपल्या ‘९९ टर्बो’ गाडीत छोटा टर्बो घेतला, वेस्टगेट नावाच्या झडपेने त्याचा दाब बेताचा ठेवला आणि सर्वोच्च वेगाऐवजी मधल्या वेगातील ओढ वाढविली. म्हणूनच आज रस्त्यावरच्या टर्बो गाडीची जी रूढ घडण आहे ती बहुतांशी या संयमातून सिद्ध झाली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. १९७८ च्या मर्सिडीज ‘३०० एसडी’ने टर्बोला प्रवासी डिझेल गाडीत आणले, आणि ही जोडी किती सुखाची आहे हे जगाला दाखविले, कारण डिझेल इंजिनात नुसती हवाच दाबली जात असल्यामुळे अवेळी भडकण्याचे पेट्रोलचे संकट तेथे उद्भवत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. तापीखोरे हा दळणवळणाचा फार जुना पट्टा आहे. मोगल अमदानीत सुरत बंदराचा माल बुऱ्हाणपुराकडे नेणारा मार्ग नंदुरबारवरून जाई, आणि १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने त्याच दिशेला लोहमार्गाची जोड दिली. तथापि इंजिन हे यंत्र येथील शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले ते प्रवासामुळे नव्हे, तर पाण्यामुळे. तापीचे काठ इतके उंच व तुटलेले की तिचे पाणी डोळ्यांसमोरून वाहत असूनही मोटेच्या आवाक्यात येत नसे. ते वर चढवावयास यंत्रच हवे होते. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगातून पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने त्याआधीच डिझेल इंजिने बनविण्यास आरंभ केला होता. आणि राजकोटच्या कारखान्यांतून मिनिटाला ६५० फेरे घेणारी, लिस्टर धाटणीची संथ इंजिने निघू लागली. नदीकाठच्या व विहिरीवरच्या या इंजिनांनी खेडोपाडी एक नवा कारागीर घडविला: लोहारकी व सुतारकी यांच्या पलीकडचा, नोझल साफ करणारा, रिंगा बदलणारा, आवाजावरून बेअरिंगचे दुखणे ओळखणारा इंजिन-मिस्तरी. यंत्राकडून काम घ्यावयाचे तर आधी त्याला तेल, पाणी व विश्रांती द्यावी लागते, हा पाठ येथील माणसाने मोटारीच्या कितीतरी आधी पाण्याच्या इंजिनावर गिरविला.

हाच मिस्तरी पुढे मोटारीकडे वळला. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी वर्षानुवर्षे नंबर लावूनही हाती येत नसे, आणि १९७३ नंतर पेट्रोलच्या किमती भडकल्यावर ज्यांच्या दारी पेट्रोलची जीप किंवा अ‍ॅम्बॅसडर होती त्यांना ती पोसणे जड जाऊ लागले. तेव्हा महाराष्ट्रभरच्या गॅरेजांत जुन्या गाडीतले पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसविण्याचा जो व्यवसाय फोफावला, तोच आजच्या टर्बो बसविण्याच्या हौसेचा खरा पूर्वज होय. कधी पर्किन्सचे, कधी आकुर्डीच्या मॅटाडोर गाडीतले इंजिन येई. ते मूळ इंजिनाहून जड; म्हणून चॅसीवरचे फाउंडेशन कापून नव्याने वेल्ड करावे लागे, गिअरबॉक्सशी जुळण्यासाठी मध्ये जाड पोलादी पाट खरादून घ्यावा लागे, रेडिएटर मोठा करावा लागे, पुढच्या कमानींना एखादे पान वाढवावे लागे, आणि क्लचप्लेट बदलावी लागे. ज्याने एवढे सर्व केले त्याची जीप लाख लाख किलोमीटर चालली. ज्याने फक्त इंजिन बदलून पैसे वाचविले त्याची गाडी पहिल्याच उन्हाळ्यात तापून रस्त्याकडेला उभी राहिली. शेवटी इंजिनाची पावती घेऊन आरटीओच्या दफ्तरी जावयाचे आणि आरसी बुकात नव्या इंजिनाचा क्रमांक चढवून घ्यावयाचा, हा शिरस्ता होता. तो पाळल्यावाचून काम पुरे झाले असे जाणता मिस्तरी मानीत नसे.

टर्बो या देशात आला तो मात्र अवजड यंत्रांच्या वाटेने. १९६२ साली पुण्यास किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली, आणि तिच्या कोथरूडच्या कारखान्यातील टर्बोयुक्त इंजिने डंपर, जनरेटर व विंधणयंत्रे यांवर कामाला लागली. त्याच वर्षी अमेरिकेहून रेल्वेची डब्ल्यूडीएम-२ ही २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने आली, आणि १९६४ पासून ती वाराणसीस बनू लागली. गाडी फलाटावरून हलताना त्या इंजिनाच्या माथ्यावरून उसळणारा काळाकुट्ट लोट एका संपूर्ण पिढीने पाहिलेला आहे. त्याचे कारण टर्बोच्या स्वभावात आहे: चालकाने खटका पुढे केला की इंधन तत्क्षणी वाढते, पण टर्बोचा पंखा वेग घेईपर्यंत हवा मागेच राहते, आणि तेवढ्या क्षणांपुरते इंधन अर्धवट जळून काजळी होते. आज लहान मोटारीत ‘पिकअप उशिरा येतो’ अशी जी तक्रार होते, तिचे हे महाकाय रूप होय.

रस्त्यावरील वाहनांत टर्बो सार्वत्रिक झाला तो वेगाच्या हौसेने नव्हे, तर धुराच्या कायद्याने. डिझेल वाहनांच्या धुरावर १९९२ पासून मर्यादा आल्या, १९९६ मध्ये त्या कडक झाल्या, २००० साली युरोपीय धर्तीचे निकष देशभर लागू झाले, आणि २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ चा अंमल सुरू झाला. तितक्याच डिझेलला अधिक हवा पुरविली म्हणजे काजळी घटते, म्हणून कारखान्यांना टर्बो स्वीकारणे भाग पडले. टाटांची १९९८ ची ‘सफारी’ टर्बो डिझेल इंजिन घेऊन आली, महिंद्रांची ‘स्कॉर्पिओ’ २००२ साली नाशिकहून निघाली, आणि चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन ‘पोलो जीटी टीएसआय’ने २०१३ मध्ये १२०० सीसीच्या छोट्या पेट्रोल इंजिनातून १०५ अश्वशक्ती काढून दाखविली. वाहने बाजारात येण्यापूर्वी त्यांच्या धुराची व सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. म्हणजे टर्बोचा आधुनिक भारतीय इतिहास बराचसा महाराष्ट्राच्याच भूमीवर घडला आहे.

या घडामोडीतून चालकवर्गात एक नवी रीतही रूढ झाली. लांबून धावून आलेली टर्बो गाडी थांबताच चावी फिरवावयाची नाही. अर्धा-एक मिनिट इंजिन संथ चालू ठेवावयाचे आणि मगच बंद करावयाचे. मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकणारा टर्बोचा दांडा तेलाच्या अतिसूक्ष्म पडद्यावर तरंगत असतो. इंजिन एकाएकी बंद केले तर तेल थांबते, तापलेल्या घरात उरलेले तेल करपते, आणि त्याची खरखरीत काजळी पुढल्या खेपेस बेअरिंग खाऊ लागते. हे शास्त्र न शिकलेला चालकही ती रीत निष्ठेने पाळतो, आणि अशा रीतींतच एखाद्या व्यवसायाचे शहाणपण साठून राहते.

आता प्रत्यक्ष योजनेचा विचार करू. समजा, एखाद्या साध्या १२०० सीसी पेट्रोल इंजिनाला अर्धा बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे निम्म्याइतका, जादा दाब द्यावयाचा आहे, आणि बाहेर खानदेशी उन्हाळ्याचे ४२ अंश आहेत. दाब दीडपट झाला म्हणजे हवाही दीडपट भरेल, हा पहिला भ्रम. दाबलेली हवा तापते. सामान्य प्रतीच्या कंप्रेसरातून ती सुमारे ९९ अंशांवर बाहेर पडेल, आणि तापल्याने विरळ झाल्यामुळे प्रत्यक्ष वाढ सुमारे २७ टक्केच पदरात पडेल. तीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ६० अंशांपर्यंत निववली तर वाढ ४० टक्क्यांच्या वर जाते, आणि इंजिनाला ठोके बसण्याचे भयही पुष्कळ ओसरते. म्हणून इंटरकूलर ही शोभेची वस्तू समजून मागाहून लावण्याची चाल सर्वथा त्याज्य आहे. या हवामानात तो टर्बोच्या आधी ठरला पाहिजे.

हवेच्या जमेला इंधनाचा खर्च जुळला पाहिजे. हवा ४० टक्क्यांनी वाढली तर इंजेक्टर व पंप तेवढे अधिक पेट्रोल देऊ शकले पाहिजेत, आणि पूर्ण दाबाखाली तर ते नेहमीच्या १४.७ ऐवजी सुमारे १२ भाग हवेला एक भाग या दाट प्रमाणात द्यावे लागते. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या ईसीयू या संगणकाचा नकाशा त्याबरहुकूम नव्याने लिहिला नाही, तर हवा अधिक व इंधन अपुरे राहून पिस्टनचा माथा वितळतो. पंपावर मिळणाऱ्या सामान्य पेट्रोलची ठोके सोसण्याची कुवत मर्यादित असते. तेव्हा मूळचे चढे संपीडन गुणोत्तर उतरविणे किंवा दाब अर्ध्या बारच्याही आत ठेवणे, यांपैकी एक पथ्य स्वीकारावेच लागते. टर्बो निवडताना मोठ्या आकड्याचा मोह टाळून, कमी फेऱ्यांतच जागा होणारा लहान टर्बो घ्यावा. त्याला तेलाची स्वतंत्र नळी द्यावी, आणि परतीची नळी रुंद, अखंड उताराची व चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी असावी, नाहीतर तेल तुंबून सीलमधून गळते व गाडी निळा धूर ओकू लागते. या सर्वांच्याही आधी प्रत्येक सिलिंडरचे काँप्रेशन व तेलाचा दाब मोजून घ्यावा, कारण थकलेल्या इंजिनावर टर्बो बसविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि सर्वांच्या शेवटी क्लच, टायर व ब्रेक वाढलेल्या शक्तीला पुरे पडतात की नाही हे पाहिल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये.

राहिला कायद्याचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, वाहनाची नोंदणीतील माहिती कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत दिलेल्या निकालाने तो अर्थ अधिक पक्का झाला. डिझेल इंजिन बसवून आरसी बुकात नोंद चढविण्याची जुनी मुभा आज त्या सैल स्वरूपात राहिलेली नाही. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी नंदुरबारच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. इजाजत मिळाली नाही, तर हौस भागविण्यास बंदिस्त जागा आहेत: चेन्नईजवळील व कोइमतूरचे शर्यतमार्ग आहेत, आणि आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरत आलेल्या आहेत.

या बंधनाबद्दल तरुणांनी विषाद मानू नये असे आम्हाला मनापासून वाटते. शहादे-प्रकाशे भागातील सडकेवर गळिताच्या हंगामात रात्री उसाने लादलेले ट्रॅक्टर मागचे दिवे नसताना चालतात, बैलगाड्या असतात, पायी घरी परतणारे मजूर असतात. आणि या सर्वांचा त्या सडकेवरील हक्क वेगवान मोटारीच्या हक्काइतकाच जुना व पक्का आहे. ब्यूखीने धातूसाठी वीस वर्षे धीर धरला, मॉसने इंजिनाकडे त्याच्या कुवतीच्या फार पलीकडचे मागितले नाही, आणि आपल्याकडच्या मिस्तरीने कमानीचे पान वाढविल्यावाचून जीप मालकाच्या हवाली केली नाही. अशा परंपरेत काम करू इच्छिणाऱ्याने आपल्या टर्बोची किंमत ठरविताना, टर्बोच्या दामाशेजारीच इंटरकूलर, इंधन, क्लच, ब्रेक आणि परवाना यांचा खर्च मांडावा, आणि ती बेरीज झेपत नसेल तर काम पुढे ढकलावे. ज्या गॅरेजात हा हिशोब गिऱ्हाइकापुढे आधी ठेवला जातो, त्याच गॅरेजावर गाडी सोपवावी.